पावणेसहाचा अलार्म

गेल्या वैशाखातील गोष्ट. पहाटेचे पावणेसहा वाजले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या यंत्रमागांची रात्रपाळी संपत आली होती, दूधवाला येऊन गेला होता आणि आई मंदिरात जाण्यासाठी काठी हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मंदिरापर्यंतचे थोडेसे अंतरही गाडीने जावे लागते. पुतण्याने वरूनच रिमोटचे बटण दाबले. खाली पडवीत उभी असलेली गाडी सुरू झाली आणि दोन-तीन क्षणांतच तिचे दिवे लुकलुकू लागून हॉर्न असा काही ओरडू लागला की समोरच्या घरांच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. पुतण्या रिमोटची सगळी बटणे दाबून थकला. गाडी ओरडतच राहिली. अखेर कपाटातून गाडीची मूळ किल्ली शोधून काढली व तिच्यावरील कुलूप उघडण्याचे बटण दाबले, तेव्हा कोठे शांतता झाली.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्यांदा झाले तेव्हा शेजाऱ्यांची क्षमा मागितली. तिसऱ्यांदा मात्र समोरचे गृहस्थ, जे रात्रभर मागावर उभे राहून पहाटे जेमतेम आडवे होतात, ते स्वतः दारात आले. त्यांनी आवाज चढविला नाही, एवढेच म्हणाले, "शेठ, हिचे काहीतरी करा." त्यांच्या त्या शांत बोलण्याने मला अधिक ओशाळवाणे वाटले. शिवाय आमच्या मालेगावला बेवारस उभ्या वाहनाकडे संशयाने पाहण्याची कारणे आहेत. ती येथे सांगण्याची आवश्यकता नाही. आत माणूस नसताना दिवे उघडझाप करीत ओरडणारी गाडी या गावात केवळ गमतीची वस्तू राहत नाही.

दूरवरून इंजिन सुरू करण्याची ही सोय आपल्याकडे सामान्य कुटुंबांच्या गाड्यांत आली ती साधारणतः २०१९ पासून. त्या वर्षी ह्युंदाईची व्हेन्यू, एमजीची हेक्टर आणि कियाची सेल्टॉस या गाड्या बाजारात आल्या आणि मोबाईलवरून गाडी सुरू करता येते हे लोकांनी प्रथम पाहिले. पुढे अनेक गाड्यांच्या किल्लीवरच तसे बटण येऊ लागले. चैत्र-वैशाखात ज्यांची गाडी मोसम पुलाजवळ दुपारभर उन्हात उभी राहते, त्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको. आमची गाडी मात्र त्याआधीची. अलार्म आणि बटणाने सुरू होणारे पेट्रोल इंजिन कंपनीचे. रिमोट स्टार्टचा संच पुतण्याने एका मोठ्या शहरातील सजावटीच्या दुकानातून मागाहून बसवून घेतलेला. मोटारींच्या अलार्मशी आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. या क्षेत्रातील परिचित ऑटोकॉप ही कंपनी नाशिकचीच. आमच्या संचाच्या डब्यावर मात्र कोणत्याच कारखान्याचे नाव नव्हते. ते तेव्हाच खटकावयास हवे होते.

प्रथम जो कारागीर आला त्याने मीटर लावून बॅटरी तपासली. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखविते, आमची १२.१ दाखवीत होती. इंजिन फिरविताना हा दाब आणखी खाली जातो आणि तो साडेनऊच्या खाली गेला म्हणजे गाडीतील नियंत्रक गोंधळतो. कोणी बॅटरीची तार तोडीत आहे अशी त्याची समजूत होते व तो अलार्म वाजवितो. हे कारण खोटे नाही. उष्ण प्रदेशात बॅटरी लवकर झिजते आणि अवेळी वाजणाऱ्या अलार्मांमागे थकलेली बॅटरी वारंवार सापडते. आमची तर चार वर्षांची होती. ती बदलली. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या पहाटे पावणेसहाला गाडी पुन्हा ओरडली.

मग कॅम्पातील एका वयस्क वायरिंगवाल्यांना बोलाविले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पेटीतून एकही हत्यार बाहेर काढले नाही. पडवीतल्या बाकावर बसले आणि पुतण्याला विचारले, "बेटा, ती नेमकी केव्हा ओरडते? बटण दाबताच, इंजिन फिरताना, इंजिन लागल्यावर, की दार उघडताना?" आम्हा चौघांची चार उत्तरे आली. चाचा म्हणाले, "मग आधी हे नक्की करा, मी उद्या येतो." आणि चहा घेऊन निघून गेले.

त्यांच्या या प्रश्नातच अर्धे निदान होते, हे मला नंतर उमगले. अलार्म वाजण्याचा क्षण त्याचे कारण सांगतो. बटण दाबताक्षणीच वाजला तर एखादे दार, डिकी किंवा बॉनेट यांचा स्विच "उघडे आहे" असा खोटा निरोप देत असण्याची शक्यता अधिक. इंजिन फिरत असतानाच वाजला तर बॅटरी किंवा तिच्या टोकांवरील पांढरट गंज पाहावा. इंजिन लागून मिनिटभराने वाजला तर धक्का ओळखणारा संवेदक फाजील हळवा ठेवलेला असतो. किंवा ज्या गाड्यांत आतली हालचाल टिपणारा संवेदक आहे, तेथे वातानुकूलनाचा झोत सुरू होऊन आरशाला बांधलेली माळ, खिडकीचा पडदा हलू लागतो आणि गाडीला वाटते की आत माणूस शिरला. आणि दार उघडतानाच वाजला, तर बहुधा गाडीत दोष नसून आपल्या वागण्यात आहे. रिमोटने इंजिन सुरू झाले तरी गाडीचे कुलूप आणि पहारा पुष्कळदा चालूच राहतात. अशा वेळी रिमोटचे बटण न दाबता धातूच्या किल्लीने दार उघडले की ती आपले काम चोख बजावून ओरडते. किल्लीतील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी मंदावली म्हणजे हीच तऱ्हा होते. ती बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात मिळते आणि ती न बदलता गाडी थेट शोरूमला नेणारे लोक मी पाहिले आहेत.

आम्ही घड्याळ लावून बसलो. आमची गाडी इंजिन लागल्यावर दोन-तीन क्षणांनी ओरडत होती, इंजिनचा पहिला थरथराट अंगात भरला की लगेच. परंतु रोज नव्हे. आणि हेच कोडे होते. संध्याकाळी कधीच नाही, दुकानासमोर कधीच नाही.

कोडे वहिनींनी सोडविले. आमच्या गल्लीत नळाला पाणी दोन दिवसांआड येते आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर त्या पाण्याच्या तारखांना गोल करून ठेवतात. गाडी ज्या दिवशी ओरडली त्या तारखा पुतण्या मोबाईलमध्ये मोजू लागला, तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, हे तर सगळे पाण्याचे दिवस आहेत." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग ड्रायव्हरला विचारले. पाणी पहाटे पाचला येते; तो त्या दिवशी गल्लीत पाइप लावून गाडी धुतो, पुढच्या जाळीवर आणि बॉनेटच्या फटीत भरपूर पाणी मारतो, गाडी पडवीत लावतो, कुलूप करतो, शटर अर्धे ओढतो आणि चहाला जातो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी बॉनेट उघडले. बॉनेटच्या कुलपालगत एक छोटा स्विच असतो. झाकण उघडे की मिटलेले एवढेच त्याने सांगावयाचे. आमच्या स्विचवर ग्रीस, रस्त्याची धूळ आणि मागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू यांचा मिळून जणू नमदा तयार झाला होता. तो पाणी धरून ठेवीत असे. ओला असताना स्विच झाकण उघडे असल्याचे सांगे, थोडा हादरा बसला की मिटलेले, पुन्हा उघडे. ड्रायव्हर कुलूप करी तेव्हा अलार्मला बॉनेट आधीच उघडे दिसे, आणि जो भाग आधीच उघडा आहे त्याच्यावर पहारा न ठेवण्याची अनेक यंत्रणांची रीत असते. म्हणून तेव्हा तो गप्प राही. इंजिनच्या थरथराटाने स्विच मिटे व लगेच उघडे, आणि या नव्या बदलाला अलार्म चोरी समजे. ऊन चढले की स्विच वाळून गाडी निर्दोष होई.

पण मग एक प्रश्न उरला. बॉनेट उघडे असताना रिमोटने इंजिन सुरू होताच कामा नये. इंजिनवर वाकलेल्या माणसाचे हात पंख्यात व पट्ट्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चांगल्या यंत्रणेत तो बंदोबस्त असतो. मग आमचे इंजिन सुरू कसे होत होते? चाचांनी स्टिअरिंगखालील झाकण काढले आणि उत्तर दाखविले. मागाहून बसविलेल्या संचाने बॉनेटसाठी स्वतःची निराळी पिन लावली होती आणि ती कोरडी, ठणठणीत होती. म्हणजे एका वाड्याला दोन पहारेकरी, दोघांचे डोळे निराळे आणि एकमेकांशी बोलणे नाही. वस्तुतः असा संच इंजिन सुरू करण्यापूर्वी कंपनीच्या अलार्मला "घरचेच माणूस आहे, पहारा सोड" असा निरोप एका तारेने देतो. ती तार दुकानदाराने जोडलीच नव्हती. तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती तशीच सोडून दिलेली होती. संचाच्या रिमोटने अलार्म का थांबत नव्हता, हेही तेथेच कळले.

त्याच झाकणामागे आणखी एक वस्तू निघाली, आणि ती पाहून दादांचा चेहरा उतरला. काळ्या पट्टीत गुंडाळलेली गाडीची दुसरी मूळ किल्ली.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गाडीत अशी किल्ली असेल आणि त्यांना ठाऊक नसेल. आजच्या गाड्यांत किल्लीतील चिप ओळखल्याखेरीज इंजिन चालूच होत नाही. या बंदोबस्ताला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात तो १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीचा आहे. मागाहून बसविलेल्या रिमोट स्टार्टला हा बंदोबस्त चुकवावा लागतो आणि त्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दुसरी किल्लीच गाडीत लपवून ठेवणे. तिजोरीला कुलूप लावून किल्ली तिजोरीच्याच पाठीला टांगण्यासारखे हे आहे. आणि गाडी चोरीस गेलीच, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली गाडीबरोबरच गेली हे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? पुतण्याला किल्ली दिल्याचे आठवत होते. "काम झाल्यावर ती आपल्याकडेच आहे असे मला वाटले, काका," असे तो म्हणाला. दादांना वाटत होते ती दुकानाच्या तिजोरीत आहे. वहीतला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्री दहापर्यंत हिशेब जुळविणारी आम्ही माणसे, आणि एवढ्या किमतीच्या वाहनाची किल्ली सहा महिने कोठे आहे हे घरात कोणी पाहिले नव्हते.

याउलट, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची मान्यता असलेले चोरीविरोधी उपकरण रीतसर बसविले, तर मोटार टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये इतकी सूट ठेवलेली आहे. रक्कम लहान आहे. पण मान्य उपकरण कोणते आणि डब्यावर नाव नसलेले कोणते, हा भेद विमा कंपनी करते, आपण करीत नाही.

आता जे सांगावयाचे आहे त्यासाठीच खरे तर हा लेख लिहावयास घेतला. चाचा स्विच पुसत असताना सहज वर पाहून म्हणाले, "शेठ, वर कोण झोपतं?" पडवीवर लाकडी तक्तपोशी आहे आणि तिच्यावर आईची खोली. पूर्वी या पडवीत कापडाच्या गठड्या राहत. आता गाडी राहते. सहा महिने रोज पहाटे अर्धे शटर ओढलेल्या त्या जागेत इंजिन दहा-दहा मिनिटे चालत होते आणि फळ्यांच्या वर आई होती.

पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत झोंबणे नाही. तो हवेहून किंचित हलका असल्याने जिन्यातून व फटींतून सहज वर जातो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धूर शुद्ध करणारे जे यंत्र सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेले असते ते तापल्याखेरीज काम करीत नाही. म्हणजे थंड इंजिन सुरू झाल्यावरची पहिली मिनिटेच सर्वांत विषारी, आणि रिमोट स्टार्टचे सगळे आयुष्य त्या पहिल्या मिनिटांतच जाते. अमेरिकेत बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या बंद गॅरेजमध्ये चुकून चालू राहिल्याने २००६ नंतर दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये दिले होते. तेथील घरांत गॅरेज घराला लागून असते. आमच्या जुन्या वाड्यात ते घराच्या खालीच आहे.

आई गेले काही महिने सकाळी डोके जड वाटते म्हणत होती. आम्ही कधी उन्हाला, कधी एकासन्याला, कधी वयाला दोष दिला. त्या दिवशी डॉक्टरांना सगळा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी औषध लिहिण्यापूर्वी गाडी बाहेर काढावयास सांगितले. पुढच्या पंधरवड्यात आईची तक्रार थांबली. अलार्म वाजला नसता तर चाचा त्या पडवीत आले नसते, हा विचार माझ्या मनातून अद्याप जात नाही.

आमच्या मनात प्रथम काय आले होते, हेही कबूल करावयास हवे. पहिल्या आठवड्यात पुतण्या म्हणत होता, हॉर्नची तार काढून टाकू, प्रश्न मिटेल. पुष्कळ लोक तेच करतात. मीही "काढ" म्हणण्याच्या बेतात होतो. शेजारची झोपमोड थांबली असती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. निवासी भागात त्या वेळी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आणि हॉर्न वाजविण्यास मनाई. पावणेसहा म्हणजे कायद्यानेही रात्रच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत अलार्मने एका वेळी २५ ते ३० सेकंदच वाजावे असे आहे, न्यूयॉर्क शहरात तो तीन मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे असा नियम आहे. आमचा संच बसविणाऱ्याला यातले काही ठाऊक असेल असे वाटत नाही.

गाडी रस्त्यावर काढून तेथून रिमोटने सुरू करावी, असा दुसरा पर्याय निघाला. तोही सोडावा लागला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या वाहनाचे इंजिन बंद असले पाहिजे, नाहीतर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला असला पाहिजे. गल्लीत रिकामी गाडी सुरू करून ठेवणे या कलमात बसत नाही. रिमोट स्टार्ट आपल्या आवारात, मोकळ्या हवेत वापरावा. आणि तशी जागा आमच्या जुन्या गावात फार थोड्यांपाशी आहे.

चाचांनी दोन तासांत संच काढला, तोडलेल्या तारा पूर्ववत जोडल्या, बॉनेटचा स्विच नवा बसविला आणि ड्रायव्हरला जाळीवर पाइप धरण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावयास सांगितले. बॉनेटखाली पाहताना एका तारेवर उंदराच्या दातांच्या खुणा निघाल्या, विषाची गोळी आपल्या घरांत कोणी ठेवणार नाही हे त्यांना ठाऊक असावे, कारण ते न विचारताच म्हणाले, "बारीक जाळी लावा आणि पडवीत धान्य सांडू देऊ नका." त्यांची मजुरी बॅटरीच्या किमतीच्या पावपटही झाली नाही. दादा अधिक देऊ लागले तर त्यांनी जास्तीच्या नोटा परत केल्या.

दुसरी किल्ली आता तिजोरीत आहे आणि मालाच्या वहीत तिची नोंद आहे. गाडी पावणेसहाला पुतण्या स्वतः खाली जाऊन, शटर पूर्ण वर करून बाहेर काढतो, चारही काचा उतरवून गल्लीच्या तोंडापर्यंत एक चक्कर मारतो, मग वातानुकूलन लावतो. आतली कोंडलेली उष्णता याने रिमोटइतकीच लवकर जाते. संचाचा डबा माळ्यावर पडला आहे.

परवा समोरचे गृहस्थ पाळीवरून परतताना भेटले. विचारले, "शेठ, गाडी विकली काय?" मी नाही म्हणालो. ते हसून आत गेले आणि दार लोटून घेतले.